सरकार, सरदार, कारभार : पूर्वजांनी बरोबर आणलेले शब्द

एक साधा हिशेब मांडून पाहू. १८३९ मध्ये बंद पडलेली मजुरांची वाहतूक १८४२ च्या कायद्याने पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता व मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही मॉरिशसकडे जहाजे सुटू लागली. त्या सुरुवातीच्या जहाजांतून रत्नागिरीकडचा किंवा साताऱ्याकडचा एखादा तीस वर्षांचा माणूस पोर्ट लुईला उतरला असेल, तर त्याचा जन्म पेशवाईतला. पुण्याच्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते नोव्हेंबर १८१७ मध्ये, तेव्हा तो चार-पाच वर्षांचा होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून उतरवले, तेव्हा तो पंचविशीत होता. इथे येऊन ऊस तोडता तोडता त्याची पाच वर्षे भरली असतील नसतील, तोच १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. १८५८ मध्ये कंपनी सरकार गेले आणि राणीचे राज्य आले. एका माणसाच्या हयातीत राज्य इतक्या वेळा बदलले, आणि एकदाही कुणी त्याला विचारले नाही.

आपल्यापैकी अनेक जण मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन जुन्या नोंदवह्यांतून आपल्या पणज्याचे नाव, गाव आणि क्रमांक शोधून आणतात. हे फार मोलाचे काम आहे. परंतु आम्हाला असे वाटते की नोंदवहीत न सापडणारा एक दस्तऐवज आपल्या घरांत अजून शिल्लक आहे, आणि तो म्हणजे शब्द. या लेखात आम्ही सगळ्या शब्दांकडे जाणार नाही. राज्य चालवणे या एकाच गोष्टीसाठी मराठीत जे शब्द आहेत, तेवढेच पाहणार आहोत. ज्यांच्यावर राज्य केले जाते त्यांच्याकडे या गोष्टीसाठी बहुधा जास्त शब्द असतात. पावसासाठी कोकणी माणसाकडे असतात तसे.

प्रथम 'सरकार' घेऊ, कारण तो सर्वांच्या तोंडी आहे. हा शब्द फारसीतून आला. सर म्हणजे डोके, कार म्हणजे काम. सरकार म्हणजे कामाच्या डोक्यावर असलेला. मराठीत तो माणसालाही लागतो आणि व्यवस्थेलाही. जहागीरदाराला लोक समोरासमोर 'सरकार' म्हणत, आणि त्याने जमीन काढून घेतली की ती 'सरकारजमा' झाली असेही म्हणत. तुरुंगात गेलेल्याला गंमतीने 'सरकारी पाहुणा' म्हणतात. अर्ज करायचा असेल तर 'मायबाप सरकार'. एकाच शब्दात भीती, आर्जव आणि थट्टा, तिन्ही बसली आहेत.

दुसरा शब्द 'अंमल'. मूळ अरबी, आणि त्याचाही अर्थ काम, कृती असाच. इंग्रजांचा अंमल म्हणजे इंग्रजांची सत्ता. अंमलदार, अंमलबजावणी, एवढेच नव्हे तर तालुक्याचा मामलेदार, हे सगळे त्याच घराण्यातले. पण मराठी माणसाने या शब्दाचे आणखी एक काम केले. दारू चढली की तो 'अंमल चढला' म्हणतो. भांगेचाही अंमल, अफूचाही अंमल. सत्तेला आणि नशेला एकच शब्द वापरणाऱ्या लोकांना राज्यकर्त्यांविषयी काय वाटत होते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

तिसरा 'कारभार'. हाही फारसीशी नाते सांगणारा, पण मराठी कानाला त्यात 'भार' ऐकू येतो आणि तो शब्द आपलाच वाटतो. राज्याचा कारभार, गावाचा कारभार, घराचा कारभार. नाना फडणवीसही कारभारी, आणि शेतकऱ्याची बायको ज्याचे नाव तोंडाने घेत नसे तो तिचा नवराही कारभारी. तो तिला 'कारभारीण' म्हणे. इतर शब्द कचेरीच्या पायरीशी थांबले, हा मात्र उंबरा ओलांडून चुलीपर्यंत आला. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाल्यावर राघोबादादांविरुद्ध नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळी एकत्र आली, त्याला बारभाईंचे कारस्थान म्हणतात. ती मंडळी तर इतिहासात यशस्वी ठरली, पण लोकांच्या बोलण्यात 'बारभाईंचा कारभार' म्हणजे जिथे बारा जण हुकूम सोडतात आणि काम एकही होत नाही असा गोंधळ. आपल्या मंडळांच्या सभांना बसलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

येथे शिवाजी महाराजांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. राज्याभिषेक झाला १६७४ मध्ये. त्या काळात दरबारातले बहुतेक शब्द फारसी होते. महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे 'राज्यव्यवहारकोश' करण्याचे काम सोपवले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. स्वतःच्या राज्याला स्वतःच्या भाषेतले शब्द असावेत हा विचार त्या काळी किती मोठा होता! पण गंमत पाहा, पुढे प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्याला लोक पेशवाच म्हणत राहिले. अष्टप्रधानांची संस्कृत नावे शाळेच्या पुस्तकात पाठ करण्यापुरती राहिली. सरकार, अंमल, हुकूम, कारभार यांना मात्र कुणी हलवू शकले नाही. कोश राजा करतो, पण बोलतात लोक. तरी त्या कोशातला सचिव तीनशे वर्षांनी परत आला. आज महाराष्ट्राच्या मंत्रालयात सचिव बसतो.

हे शब्द घेऊन आपले लोक इथे आले. आता इथे राज्य कुणाचे होते ते पाहू.

इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून १८१० मध्ये जिंकले, परंतु तहात फ्रेंच रहिवाशांचे कायदे, धर्म, चालीरीती तशाच राखण्याचे वचन दिले. त्यामुळे कागदावर गव्हर्नर इंग्रज, आणि उसाच्या शेतात शब्द चाले तो फ्रेंच मालकाचा, म्हणजे क्रिओलमध्ये ज्याला 'ग्राँ मिस्ये' म्हणत त्याचा. मजुराला गव्हर्नर कधी दिसला नाही. त्याला दिसे ती कोठी, म्हणजे साखरेची इस्टेट, आणि कोठीवरचा सरदार.

'सरदार' या शब्दापाशी आम्ही थोडे थांबतो. देशावर सरदार म्हटले की शिंदे, होळकर, गायकवाड. घोडा, पालखी, जहागीर. मॉरिशसमध्ये सरदार म्हणजे मजुरांच्या टोळीवरचा देखरेख्या. पहाटे काँमधून, म्हणजे कोठीवरच्या मजुरांच्या वस्तीतून, तो माणसे उठवी, कामाचे माप ठरवी, हजेरी सांगे. काही सरदार मायदेशी जाऊन आपल्याच गावातून नवी माणसे घेऊन येत. असा एखादा सरदार गावात बोलू लागला की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता सरदार उभा राहत असेल, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. एका शब्दाने किती माणसे जहाजावर चढवली असतील! आणि इथे आल्यावर त्यांना कळले की सरदार असला तरी त्याच्याही वर मिस्ये आहे.

सरदाराला केवळ खलनायक ठरवणे मात्र आम्हाला पटत नाही. मालकाची भाषा आणि मजुराची भाषा दोन्ही समजणारा तोच होता. भांडण मिटवणारा तोच, वेळेला पैसे उसने देणाराही तोच, आणि त्या पैशांचे व्याज घेणाराही तोच. पुढे कोठ्यांच्या मालकांनी जमिनीचे तुकडे करून विकायला काढले, तेव्हा ते विकत घेणाऱ्यांत सरदार पुष्कळ होते. आपल्यापैकी काहींच्या घराण्याची पहिली जमीन तिथूनच आली असणार.

महाराष्ट्रात आज सरदाराच्या जागी दुसरा शब्द आहे, 'मुकादम'. बीडकडून ऊस तोडायला निघणाऱ्या टोळ्या मुकादम जमवतो. तो हंगामाआधी जोडप्याला आगाऊ पैसे देतो, त्याला 'उचल' म्हणतात, आणि नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणून मोजतात. ऊस तोच, कोयता तोच. समुद्र ओलांडावा लागत नाही, एवढाच फरक.

आता 'सरकारी पाहुणचारा'कडे येऊ. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिन्याला ५ रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापत. त्याला 'डबल कट' असे नाव होते. करार पुरा केलेल्या जुन्या मजुरावरही १८६७ च्या कायद्याने फोटो लावलेला पास जवळ बाळगण्याची सक्ती केली. बाजाराला जाताना पास घरी राहिला, तर पोलीस भटक्या म्हणून धरू शकत. ग्रान्ड रिव्हरजवळ अशा 'भटक्यां'साठी वेगळा तुरुंगच बांधला होता. मजुरांच्या रक्षणासाठी सरकारने नेमलेला अधिकारी 'प्रोटेक्टर' होता. रक्षण करणे हेच तर राजाचे काम, असे जुने लोक मानत. इथे त्या कामासाठी स्वतंत्र कचेरी होती आणि तरीही माणसे तुरुंगात जात होती.

अशा वेळी १८७१ मध्ये एक मोठी गोष्ट घडली. आदोल्फ द प्लेव्हित्स या गृहस्थांच्या पुढाकाराने जुन्या मजुरांनी एक अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांची नावे होती. सह्या करता येत नव्हत्या अशांनीही आपले नाव त्यात घातले. प्लेव्हित्स यांना गोऱ्या मळेवाल्यांनी फार त्रास दिला, पण अर्ज वाया गेला नाही. १८७२ मध्ये विलायतेहून शाही आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला. पोलिसांचे आणि कोठ्यांचे वागणे त्यात कागदावर आले. त्या ९,४०१ नावांत किती मराठी होती याहून आम्हाला हे महत्त्वाचे वाटते, की 'मायबाप सरकार' म्हणून हात जोडणारा माणूस त्या दिवशी सरकारला जाब विचारत होता. शब्द तोच राहिला असेल, पण म्हणणाऱ्याची मान वर झाली होती.

कोठीवर राज्य मालकाचे असले तरी काँच्या आत कारभार आपला होता. संध्याकाळी बैठकेत माणसे जमत. पोरांना अक्षरे तिथेच, भजन तिथेच, भांडणाचा निवाडाही तिथेच. कुणाची गाय कुणाच्या भाजीत शिरली, कुणाच्या मुलीचे लग्न कुठे ठरवायचे, यासाठी कुणी पोर्ट लुईच्या कोर्टात गेले नाही. पंच बसत. पंच जमले आणि निकाल लागेना, दोन्ही पक्ष आपलेच नातलग निघाले, म्हणजे कसे होते ते आपण जाणतोच. मराठीत 'पंचायत' शब्दाचा 'पंचाईत' झाला आणि त्याचा अर्थ अडचण असा झाला, तो उगीच नव्हे.

आणि घराचा कारभार? तो कारभारणीकडे. पुरुषाच्या कराराची पाच वर्षे, त्याची हजेरी, त्याची कापलेली मजुरी, हे सर्व नोंदवहीत आहे. ५ रुपयांत महिना कसा काढला ते कुठल्याही नोंदवहीत नाही. तांदूळ, डाळ, मीठ यांचा हिशेब, कोपऱ्यात पाळलेली कोंबडी, दुधासाठी घेतलेली गाय, त्या गाईच्या दुधावर जमलेले पैसे, पुढे त्या पैशांतून घेतलेला जमिनीचा तुकडा. आम्ही शिक्षिका म्हणून इतकेच म्हणू की 'प्रशासन' हा शब्द मुलांना शिकवताना आधी हे उदाहरण द्यावे. मंत्र्यांचे नंतर.

बेटाच्या राज्यात वाटा मिळायला मात्र फार वेळ लागला. १८८६ मध्ये इथे निवडणूक सुरू झाली, तेव्हा मत फक्त मालमत्ता आणि उत्पन्न असणाऱ्यांना होते. दुसऱ्या महायुद्धानंतर नवी राज्यघटना आली आणि तिने ठरवले की बेटावर चालणाऱ्या भाषांपैकी एखादीत ज्याला साधी वाक्ये वाचता-लिहिता येतात, त्याला मत. स्त्री असो वा पुरुष. मग काय, रात्रीच्या बैठका भरू लागल्या. पंडित वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाच्या स्वयंसेवकांनी गावोगावी वर्ग चालवले. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे कंदिलापाशी बसून आपले नाव गिरवू लागली. मतदारांची यादी सुमारे १२ हजारांवरून १९४८ च्या निवडणुकीत ७० हजारांच्या वर गेली. आमच्या पेशाच्या दृष्टीने याहून मोठी घटना या बेटाच्या इतिहासात नाही. पाटी-पेन्सिलीने राज्य मिळवून दिले, असे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मत मिळाले, १२ मार्च १९६८ ला शाँ द मार्सवर चौरंगी झेंडा चढला आणि १९९२ मध्ये त्याच तारखेला आपला देश प्रजासत्ताक झाला.

प्रजासत्ताक, लोकशाही, हे शब्द नवे. त्यातल्या 'लोकशाही'ची मौज आहे. निजामशाही, आदिलशाही, हुकूमशाही, ही सगळी 'शाही' शहाची, बादशहाची. मराठीने त्या बादशहाला उतरवून त्याच्या जागी लोक बसवले, आणि शेपूट तेच ठेवले. उलट 'मोगलाई' अजून वाईटच आहे. 'इथे काय मोगलाई लागून गेली आहे?' असे आजी रागावून म्हणे, तेव्हा औरंगजेब जाऊन अडीचशे वर्षे झाली होती. चांगल्या राज्यासाठीही एक नाव आहे, रामराज्याहून जुने वाटणारे आणि शेतकऱ्याच्या जवळचे. दिवाळीत पाडव्याच्या वेळी 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतात. ज्या राजाला पाताळात घातले, त्याच्या राज्याची वाट शेतकऱ्याची बायको दर वर्षी ओवाळताना पाहते.

आता शाळेतली अडचण. महाराष्ट्रातून येणाऱ्या पुस्तकांत आणि कागदांत सरकारला 'शासन' म्हणतात. 'महाराष्ट्र शासन' असा शिक्का असतो. शब्द संस्कृत, शुद्ध आणि सुंदर आहे. शास् या धातूपासून शासन, शास्त्र, अनुशासन आणि शिष्यसुद्धा. म्हणजे शिष्य हा ज्याला शिकवायचे तो. पण जुन्या मराठीत शासन म्हणजे शिक्षा. 'देव त्याला शासन करील' असे म्हातारी माणसे म्हणत. ज्यांच्या घरी हा अर्थ ऐकलेला आहे त्यांना 'शासनाने शाळा बांधली' हे वाक्य विचित्र वाटते. आणि ज्यांच्या घरी काहीच ऐकलेले नाही, अशी मुले आता अधिक आहेत. घरात मराठी बोलणारी कुटुंबे जनगणनेत दर वेळी कमी दिसतात. मुलांना क्रिओलमधले 'गुवेर्नमाँ' माहीत असते. 'त्रावाय गुवेर्नमाँ' म्हणजे सरकारी नोकरी, हे तर पहिलीतल्या मुलालाही कळते, कारण घरी त्याचीच स्वप्ने पाहिली जातात!

आमचे मत असे आहे की वर्गात आधी 'सरकार' आणि 'कारभार' शिकवावेत, 'शासन' आणि 'प्रशासन' मागाहून. काही सहकाऱ्यांना हे मान्य नाही. परीक्षेच्या पुस्तकात जो शब्द छापला आहे तोच शिकवावा, फारसी शब्दांचा आग्रह कशाला, असे त्यांचे म्हणणे. परीक्षेपुरते ते बरोबरही आहे. पण जो शब्द जहाजातून आला तो मुलाने आपल्या म्हातारीशी बोलताना वापरला, तर ती उत्तर देते. पुस्तकातल्या शब्दाला ती नुसते हसते.

राहिला 'राज्य' हा शब्द. महाराष्ट्रातली मुले लपंडाव खेळताना ज्याच्यावर डाव येतो त्याला म्हणतात, 'तुझ्यावर राज्य आले.' इतर सगळे पळतात, लपतात, मजा करतात. ज्याच्यावर राज्य तो बिचारा डोळे मिटून आकडे मोजतो आणि मग सगळ्यांना शोधत हिंडतो. राज्य कुणालाच नको असते. कुणी सापडला की राज्य त्याच्यावर जाते आणि पहिला सुटतो. कुणी फार वेळ राज्य घेऊन रडकुंडीला आला, तर मोठी मुले त्याला दया करून सोडवतात. हा खेळ आम्ही शाळेच्या आवारात मराठीतून खेळवून पाहिला. मुलांना खेळ माहीत होताच. शब्द नवा होता. 'राज्य कुणावर?' हे तीन दिवसांत साऱ्या वर्गाच्या तोंडी बसले, क्रिओल बोलणाऱ्या दुसऱ्या वर्गातल्या मुलांच्यासुद्धा. राज्य 'करणे' हा शब्दप्रयोग मुलांना त्यानंतर शिकवला, तेव्हा एका मुलीला तो चुकीचा वाटला. राज्य येते, बाई, करतात कसे, असे तिने विचारले.

आपल्या घरात मालकाला, सरदाराला, पंचांना किंवा घर चालवणाऱ्या बाईला यांहून वेगळा शब्द वापरत असतील, तर तो मंडळाकडे जरूर लिहून पाठवावा. शब्दाबरोबर तो कोण, कुणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणत असे, तेही लिहावे. ऐकलेला उच्चार जसाच्या तसा लिहावा, पुस्तकाप्रमाणे सुधारू नये. ज्यांच्या घरी नव्वदीच्या आसपासची माणसे आहेत, त्यांनी हे काम येत्या गणेशचतुर्थीच्या आधी करावे. त्या दिवसांत सारी मंडळी एकत्र येतात, बोलतात फार, आणि लिहून कुणीच घेत नाही.